घोडा कोणाचा?

महाराष्ट्र शासनाचा ‘पदनाम कोश’ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील शब्दांच्या बोजडपणाची पुष्कळ थट्टा झाली. आचार्य अत्रे यांनी तर त्याचे ‘बदनाम कोश’ असे बारसेच करून टाकले. त्या थट्टेला आज फारशी धार उरलेली नाही. त्यातील कितीतरी शब्द कचेऱ्यांच्या दारांवर निमूटपणे जाऊन बसले आहेत. तथापि त्या कोशाकडे पाहताना एक गोष्ट आम्हांला नेहमी खटकत आली, आणि ती काही कोशकारांचा दोष नव्हे. नाव मिळण्यासाठी आधी पद असावे लागते. ज्याला पद नाही, हुद्दा नाही, बढती-बदली नाही, त्याच्या कामाला नीटसे नाव द्यावे असे आमच्या सुशिक्षित समाजाला कधी फारसे वाटले नाही. अर्जाच्या कागदावर त्याच्यासाठी एकच रकाना राखलेला असे: ‘इतर’.

पुढे त्या रकान्यात ‘स्वयंरोजगार’ हा शब्द येऊन बसला. शब्द अर्धा संस्कृत, अर्धा फारसी आहे. पण त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या भाषेने ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून घेऊन घरोघर नांदवला, तिला संकराचे सोवळे शोभत नाही. आमची तक्रार अर्थाची आहे. हा शब्द इंग्रजी शब्दाची सावली आहे, आणि ती सावली असे सांगते की, अमक्या माणसाने स्वतःलाच कामावर ठेवून घेतले. म्हणजे नोकरी हीच मनुष्याची स्वाभाविक अवस्था, आणि जो नोकरीत नाही तो आपलाच धनी व आपलाच चाकर! आमच्या सुताराने स्वतःला असे कधी कामावर ठेवले नव्हते. तो काम घेत असे. रोजाने घेई, नगाने घेई, उक्ते घेई. ‘रोजाने’ म्हटले की वेळ मालकाचा आणि वेळ फुकट गेला तर तोटाही मालकाचा. ‘उक्ते’ म्हटले की ठरलेल्या रकमेपलीकडची नफानुकसानी घेणाऱ्याच्या अंगावर. एकेका शब्दात एकेक करारनामा होता. त्यासाठी मुद्रांकाच्या कागदाची गरज पडत नसे. देवळाच्या जमाखर्चाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना वाजंत्र्यांची सुपारी, कीर्तनकारांची बिदागी आणि पुजाऱ्याची दक्षिणा यांतील भेद समजावून सांगावयास नको. ‘सुपारी’ हा शब्द मारेकऱ्यांनी पळवला हे आपले दुर्दैव. एरवी काम स्वीकारल्याची इतकी सभ्य आणि आटोपशीर खूण दुसरी सापडणे कठीण.

शब्दांची ही हिशेबी सूक्ष्मता आज जिवंत पाहावयाची असेल तर साहित्यसंमेलनाच्या मंडपापेक्षा सुरत शहरातील डिंडोली अधिक उपयोगी पडेल. सुरतेच्या आग्नेय अंगास, उधना आणि लिंबायत यांना लागून असलेली ही वस्ती. एकेकाळचे हे खेडे आज खानदेशी माणसांनी गजबजलेले आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या मुलखांतून, तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने उधन्यास उतरून, येथील यंत्रमाग आणि साडीबाजार यांच्या आश्रयास आलेली ही कुटुंबे. घरात अहिराणी, शेजाराशी गुजराती-हिंदी, आणि महापालिकेच्या मराठी शाळेत गेलेल्या मुलांची पुस्तकी मराठी. श्रावणात कानबाई बसते तेव्हा तिच्या रोटांसाठी गावाकडचे भाऊबंदही येतात. अशा ठिकाणी भाषेला कोणी शुद्ध-अशुद्धाची शिकवण देत नाही. तिला फक्त कामास उतरावे लागते.

येथे यंत्रमागाच्या कारखान्याला ‘खाते’ म्हणतात. गुजरातीतील ‘खातुं’ मराठी माणसाच्या तोंडी सहज बसले. परंतु आमच्याकडे खाते म्हणजे हिशेबाच्या वहीत आपल्या नावाचे पान. येथे माणूस रोज खात्यावर जातो, आणि त्याच्या नावाचे पान कोठे असेलच असे नाही. मागावरचे मोल मीटरवर ठरते. कापडाच्या अखंड तुकड्याला गुजराती माणूस ‘ताको’ म्हणतो, मराठी माणूस ‘तागा’. कानाला हे दोन शब्द एका आईची लेकरे वाटतात. मजुरीच्या पोटी आधी घेतलेल्या रकमेला गुजरातीत ‘उपाड’ आणि मराठीत ‘उचल’. दोन्ही शब्दांत तीच क्रिया आहे, उचलण्याची; आणि उसाच्या फडातला मजूर असो की मागावरचा, त्याला हे पक्के ठाऊक असते की उचलले ते पाठीवर येते.

सर्वांत शिकण्यासारखा शब्द मात्र ‘धंदा’. आम्ही मराठी पांढरपेशांनी त्याची पार रया घालवली. ‘धंदेवाईक’ ही आमच्या टीकाकारांची शिवी आहे, आणि ‘काय धंदे करतोस?’ हा बापाचा दरडावणीचा प्रश्न. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हण पाठ म्हणत म्हणत आम्ही कनिष्ठाच्या मागे धावलो. गुजरातीत ‘धंधो’ हा ताठ मानेने उच्चारावयाचा शब्द आहे आणि नोकरी करणाऱ्याला ‘नोकरियात’ म्हणताना थोडी कीवच डोकावते. डिंडोलीतील खानदेशी तरुण ‘स्वतःचा धंदा आहे’ असे सांगतो तेव्हा शब्द मराठी असतो, पण त्यातला ताठा शेजाऱ्याकडून घेतलेला असतो. हे उसने आम्हांला हवे आहे.

याच सुरतेत शब्द बदलल्याने काय होते आणि काय होत नाही याचाही एक धडा आहे. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिरास पूर्वी ‘हिराघसू’ म्हणत. त्या शब्दात तुच्छता होती. ती जावी म्हणून ‘रत्नकलाकार’ हे नाव रूढ झाले, आणि ते योग्यच झाले. माणसाला घासणारा म्हणण्यापेक्षा कलाकार म्हणणे केव्हाही बरे. परंतु कलाकार आपली कलाकृती विकतो. रत्नकलाकाराच्या हातातला दगड शेठचा असतो, घंटी शेठची असते, आणि मोल बहुधा नगावरच मिळते. २०२५ मध्ये मंदीने हवालदिल झालेल्या या कारागिरांसाठी गुजरात सरकारला मुलांच्या शाळेच्या फीसुद्धा मदतीत धराव्या लागल्या. नाव उंचावले, जमीन तीच राहिली. सरकारी शब्दांचेही असेच. २०१५ च्या मुद्रा योजनेत ५० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाला ‘शिशु’ म्हणतात. नातवंडे झालेली भाजीवाली बँकेच्या दप्तरात शिशु ठरते, याला वात्सल्य म्हणावे की काय म्हणावे?

मग कोणता शब्द खरा? आमच्या मते त्याची कसोटी आमच्याच इतिहासात पडून आहे. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपले हत्यार घेऊन चाकरीस येई. शिवकालात सरकारी पागेतील बारगिरांवर भर होता. पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढले. घोडा कोणाचा, एवढ्या एका प्रश्नाने स्वाराचा पगार, त्याची पत आणि त्याची जोखीम ही सारी ठरत. यातूनच ‘एकांडा शिलेदार’ हा शब्दप्रयोग आला. ज्याला आज सुशिक्षित तरुण ‘फ्रीलान्सर’ म्हणतात, त्याच्या मुळाशीही भाडोत्री भालाईतच आहे. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत त्याचे दर्शन घडते. परका भालाईत आम्ही अंगणात आणला आणि घरचा शिलेदार अडगळीत टाकला.

आता ही कसोटी सुरतेच्या रस्त्यावर लावून पाहावी. पाठीवर चौकोनी पेटी घेऊन जेवण पोचविणाऱ्या तरुणाला कंपनी ‘पार्टनर’ म्हणते. मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, हातातला फोन त्याचा, पडझड झाली तर दुरुस्तीचा पहिला खर्चही त्याचाच. म्हणजे घोड्यापुरता तो शिलेदार. पण कोठे जावयाचे, किती वेळात, किती मोलाने, हे सारे पडद्यावर उमटते आणि त्यात त्याला काडीचाही हात घालता येत नाही. म्हणजे हुकमापुरता तो बारगीर. घोडा स्वतःचा आणि लगाम दुसऱ्याचा, असा तिसरा स्वार आमच्या जुन्या शब्दसंपत्तीत नव्हता, हे आम्ही मान्य करतो. त्यासाठी नवा शब्द घडवावा लागेल. परंतु तो ‘भागीदार’ खचित नव्हे. १९३२ चा भागीदारी कायदा भागीदारीची व्याख्याच नफ्याच्या वाटणीवर उभी करतो. आमच्या पेढ्यांवर ‘पत्ती’ नसलेल्या माणसाला कोणी भागीदार म्हटले असते तर मुनीम हसला असता. जो नफ्याला वाटेकरी नाही आणि तोट्याला मात्र आहे, त्याला पार्टनर म्हणणे ही भाषेची लबाडी आहे.

हे शब्दच्छल नव्हेत. निती आयोगाने २०२२ मध्ये अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिने ‘गिग कामगार’ असे नाव दिले. परंतु व्याख्या अशी की, मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर राहून जो कमावतो तो. नोकर नाही, एवढीच ओळख. इंग्लंडमध्ये १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना स्वतंत्र कंत्राटदार न मानता कामगार ठरवले, आणि त्या एका शब्दाबरोबर किमान वेतन आणि भरपगारी रजा त्यांच्या पदरात पडली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुने शब्द नेमके होते म्हणून ते सगळे न्याय्य होते असे समजणे भाबडेपणाचे होईल. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. त्यात कारू-नारू, बलुते, वतन यांची जी रचना दिसते ती पाहून भारावून जाण्यापूर्वी, त्याच कोठारात ‘वेठ’ आणि ‘राबता’ हेही शब्द होते हे स्मरावे. महार वतन नावाने वतन होते आणि व्यवहाराने रात्रंदिवसाची बांधिलकी. त्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. अखेर मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने ती वतने रद्द झाली, आणि सुरत जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. ‘वतन’ हा गोड शब्दही तेव्हा ‘पार्टनर’सारखाच वागत होता. देवस्थानांच्या सेवेतील ‘मान’ आणि ‘सेवा’ या शब्दांकडेही आम्ही याच डोळ्याने पाहावे. मानकऱ्याला मान पुरतो, पण नगारा वाजवणाऱ्याला महिन्याचा किराणा लागतो.

कामकऱ्याने स्वतःच निवडलेल्या नावाची गोष्ट मात्र वेगळी. गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालविणारा ‘पायलट’ म्हणवतो. त्यात थोडी मौज आहे, थोडी मिजास आहे, आणि वाहन माझे हे सांगणे आहे. त्याहून विचारपूर्वक केलेली निवड अहमदाबादची. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी फेरीवाल्या, ओझी वाहणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांचा संघ नोंदवावयास नेला, तेव्हा मजूर खात्याची अडचण अशी की, मालकच नाही तर संघ कोणाविरुद्ध? नोंदणी अखेर झाली. इला भट्ट यांना ‘असंघटित’ यासारखी नकाराची नावे मान्य नव्हती, आणि गुजराती नावात ‘स्वाश्रयी’ शब्द आला. आपल्या आश्रयाने उभी राहणारी. ‘स्वयंरोजगार’च्या शेजारी हा शब्द ठेवून पाहिला म्हणजे भाषांतर आणि भाषा यांतला फरक कळतो.

डिंडोलीच्या घराघरांत साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या, लेस लावणाऱ्या, सुटे धागे कातरणाऱ्या बायका या व्याख्येत चपखल बसतात असे कोणी म्हणेल. आम्हांला ते तितके सोपे वाटत नाही. माल व्यापाऱ्याचा असतो, कात्री हिची, वीज हिची, जागा हिची, आणि डाग पडला तर भरपाईही हिचीच. त्यांना विचारा, काय करता? उत्तर येते: काही नाही, घरीच असते. याच उत्तराने त्या कामकऱ्यांच्या संख्येतून निसटतात. २०२७ च्या जनगणनेत प्रगणक याच उंबऱ्यावर उभा राहील, आणि मोबदल्यासाठी केलेले काम हे कामच, असे त्याच्या सूचनांत असूनही ‘घरीच असते’ हे शब्द तो लिहून घेईल. त्याने ‘व्यवसाय काय?’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवावा, आणि आत रचलेल्या साड्यांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून एवढेच विचारावे: माल कोणाचा आणता, आणि नगाला काय मिळते?