कांद्याच्या रानाची बांधणी

कांद्याचं रान चांगलं बांधलंय की नाही, हे पाणी सोडल्याशिवाय कळत नाही. नांगरट, रोटर, सारे (लांबट वाफे) पाडणं हे सगळं कोरड्यात होतं, आणि कोरडं रान कुणाचंही छानच दिसतं. परीक्षा पहिल्या पाण्याला. पाटातून सुटलेलं पाणी साऱ्याच्या तोंडाशी रोपं उखडत नाही, मधे डबकं धरत नाही आणि शेवटच्या रोपालाही तेवढीच ओल देतं, ते रान पहिल्या प्रतीचं.

जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात, मंचर, नारायणगाव, आळे, ओतूर या भागात, डिसेंबर लागला की अशी रानं जागोजाग बघायला मिळतात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. ऊस, द्राक्ष, टोमॅटो यांची चर्चा फार होते. दीड-दोन एकरवाल्या घराचा जीव मात्र हिवाळ्यात कांद्यात गुंतलेला असतो. बियाणं बऱ्याचदा घरचंच, गावरान फुरसुंगी. शेजारी राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथल्या भीमा शक्ती, भीमा किरण या जाती आल्या, तरी घरच्या डेंगळ्यांवरचा भरवसा अनेकांचा सुटलेला नाही.

बांधावर उभं राहून आधी सारे बघावेत. मुरमाड रानात ते आखूड हवेत, कारण पाणी वाटेतच मुरतं. काळ्या रानात लांब चालतात. ट्रॅक्टर सारे पाडून जातो, पण उंचवटे खोऱ्याने ओढून सपाट करायचं काम माणसाचं. ते ज्याने कंटाळून अर्धवट सोडलं, त्याच्या रानात मार्चमध्ये टक्कल पडलेल्या जागा दिसतात. पाट कुठून काढलाय तेही बघावं. रानाच्या उंच कडेने, पण अंगावर येईल इतका उतार न देता नेलेला पाट दिसला की समजावं, इथे कुणीतरी जाणता आहे.

मग लागण. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतलं भात निघालेलं असतं, तिकडच्या बाया-माणसं कामासाठी नारायणगावच्या बाजूला उतरतात. टोळ्या उक्तं घेतात, काही घरांत अजून सावडीने होतं. शिफारस दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर आणि दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतराची. या हिशेबाने एकरी अडीच लाखांवर रोपं बसतात. पट्टी कुणीच लावत नाही. उकिडव्या बसलेल्या बाईच्या डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने एकेक रोप घ्यायचं, अंगठ्याने मातीत दाबायचं, पुढचं घ्यायचं. रोप खोल गेलं तर कांदा लांबट होतो, वरवर राहिलं तर पाण्यासरशी आडवं पडतं. या दोन चुकांच्या मधली जागा अंगठ्याला ठाऊक असते, आणि तोंडाने शेजारणीच्या सुनेची हकिगत चालू असते. मला या कामातली ही बेफिकिरी फार आवडते.

लागणीनंतर तीन-चार दिवसांनी आंबवणीचं पाणी. तिथे दारं धरणाऱ्याचा, म्हणजे एकेका साऱ्यात पाणी सोडणाऱ्याचा, कस लागतो. शेतीच्या बऱ्याच फीडरवर थ्री फेज लाईट आठ तास, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रपाळीत आंबवणी आली की थंडीत, पायजमा गुडघ्यावर खोचून, कानाला मफलर गुंडाळून माणूस रानात उभा. हल्ली मोटार मोबाईलवरून घरबसल्या चालू होते. दारं मात्र मोबाईलवरून मोडत नाही.

खोऱ्याच्या दोन फटक्यांत पाटाची कड फुटते, पाणी साऱ्यात शिरतं. नवखा माणूस पाणी शेवटाला पोचेपर्यंत थांबतो आणि मग दारं बुजवायला धावतो. तोवर शेवटाचा बांध फुटलेला असतो. जाणता तीन हिस्से सारा भिजला की पुढचं दारं मोडतो आणि मागचं बुजवतो. आत गेलेलं पाणी राहिलेला चौथा हिस्सा आपणच भरून काढतं. बुजवणंही एकाच खोऱ्याचं, ओल्या मातीचा गोळा नेमका तोंडात बसला पाहिजे. दुसऱ्यांदा माती ओढावी लागली तर काठची रोपं जातात. अंधारात पाणी कुठवर गेलं ते बॅटरीने बघायची त्याला फार गरज पडत नाही. कोरड्या मातीत शिरणाऱ्या पाण्याचा चुरचुर आवाज येतो, तो लांब जाऊन मंदावला की हिशेब कळतो. पाटातलं पाणी अचानक गप्प झालं तर कुठेतरी उंदराचं बीळ असण्याची शंका घ्यावी. तबलजीने मात्रा मोजायचं सोडून द्यावं तसा हा माणूस सारे मोजायचं सोडून देतो, आणि तरी दारं चुकत नाही.

इथवर कौतुक झालं. पण या कौतुकात एक मोठं पात्र कायम बाजूला राहतं. रात्री पाणी भरणारा सकाळी तासभर तरी पडतो. घरच्या बाईचं घड्याळ गायीवर चालतं. पाचला धार, शेण काढणं, डेअरीची वेळ गाठायची, फॅट किती लागली ते विचारायचं, मुरघासाचा खड्डा उघडून पुन्हा झाकायचा, बाजरीच्या भाकरी थापायच्या, त्याच चुलीवर आंघोळीचं पाणी. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणला तर घोळाणा, पाहुणे आले तर मासवडी. आणि मासवडीचं सारण सांडू न देता वडी कापणं हे दारं धरण्याइतकंच अवघड काम आहे, हे ज्याने केलंय त्याला विचारा. दहा वाजता ती रानात हजर. तिच्या दिवसात सारा संपून दुसरा लागण्याच्या मधली विश्रांतीसुद्धा नाही. हिवाळ्यातल्या शेतघराची खरी लय तिच्या हातात असते, आणि वर्णनं मात्र खोरंवाल्याची होतात. माझंही वरचं वर्णन त्यातलंच.

शिवाय शेजारी ऊस असतो. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांची तोड याच महिन्यांत चालते. तोडीत बिबट्याचे बछडे सापडतात. वनखातं संध्याकाळी त्यांना क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतं, आणि बहुतेकदा रात्रीतून आई घेऊन जाते. गोष्ट गोड वाटते. ती आई त्या रात्री ज्या वाटेने येते, त्याच वाटेवर कुणीतरी वाकून दारं मोडत असतो, हे त्या गोष्टीत सांगायचं राहतं. वाकलेला माणूस बिबट्याला बुटकं जनावर वाटू शकतो, असं वनखात्याचे लोकच सांगतात. म्हणून मोबाईलवर मोठ्याने गाणी, हातात काठी, शक्यतो दोघं. शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला 2025 च्या अखेरीस बिबट्याच्या भीतीने लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

रात्रीचं रान, चांदणं, पाण्याचा आवाज यांवर शहरातल्या माणसाने भाळून लिहिणं सोपं आहे. मीही बांधावर उभा राहून मजा घेतली आहे, पण खोरं दुसऱ्याच्या हातात होतं. ठिबक आणि रेनपाईप कांद्यात आलेत, त्याने दारं धरायची विद्या मागे पडेल, आणि पडली तर त्याबद्दल गळा काढायचं मला कारण दिसत नाही. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्यांच्यासाठी तरी वीज दिवसा हवी. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. जिथे ती पोचली तिथे माणूस उन्हात पाणी भरतो आणि रात्री झोपतो. जुन्नर-आंबेगावच्या उसाला लागून असलेल्या प्रत्येक फीडरवर ती आधी पोचवा. बांधणीची परीक्षा दुपारच्या उन्हातही तितकीच चोख होते.