सैनिकांची उपमा कुठे अपुरी पडते?

पांढऱ्या रक्तपेशी म्हणजे शरीराचे सैनिक, ही उपमा शालेय पाठांत आणि तक्त्यांवर हमखास भेटते. मुलांना ती चटकन पटते, हे आम्हांला मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो विषय तिथेच सोडून देण्याला. सैनिक जितके जास्त तितके बरे आणि ते फक्त परक्यांशीच लढतात, असे दोन समज या उपमेतून नकळत रुजतात. इओसिनोफिल पेशींच्या बाबतीत हे दोन्ही समज चुकीचे ठरतात.

पॉल अर्लिक यांनी १८७९ मध्ये या पेशींचे वर्णन केले. त्यांच्यातील कण इओसीन हा तांबडा रंग शोषून घेतात, म्हणून हे नाव. या कणांतली प्रथिने जंतांच्या अळ्यांना मारक असतात. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी सहसा ५०० हून कमी असतात. जंत, दमा किंवा ॲलर्जी असेल तर त्या वाढतात. मात्र संख्या १५०० च्या वर जाऊन तिथेच टिकली आणि अवयवांना इजा होऊ लागली, तर त्या विकाराला हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम म्हणतात. हे नाव १९६८ मधले.

या विकारात परका शत्रू अनेकदा सापडतच नाही. पेशी त्वचा, फुफ्फुसे, हृदय यांत शिरतात आणि तीच मारक प्रथिने तिथे सोडतात. हृदयाच्या आतल्या अस्तराला इजा होते, त्यावर रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि पुढे व्रण पडून हृदय ताठर होते.

मग पेशी वाढतात तरी का? काही रुग्णांपुरते याचे उत्तर २००३ मध्ये मिळाले. त्यांच्या रक्तपेशींत चौथ्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळून दोन जनुके एकमेकांना जोडली गेली होती. त्यातून तयार होणारे विकर, बटण अडकलेल्या पंपासारखे, सतत चालूच राहते. इमॅटिनिब हे औषध त्याला रोखते आणि अशा रुग्णांत पेशींची संख्या झपाट्याने उतरते. सैनिकांच्या उपमेतून हा उपचार समजत नाही. अडकलेल्या बटणाच्या उपमेतून समजतो.

म्हणून उपमा ठेवावी, पण तिच्या जोडीला तीन प्रश्नही शिकवावेत : पेशी किती, कुठे आणि किती काळ? रक्ततपासणीच्या अहवालात 'इओसिनोफिल वाढले' असे वाचून पालक घाबरतात, नाहीतर दुर्लक्ष करतात. हे प्रश्न ठाऊक असलेला विद्यार्थी त्यांना योग्य वेळी डॉक्टरांकडे जायला सांगू शकेल.