‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आणि अस्सल कागद

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कथांकडे पुन्हा एकदा वळणे स्वाभाविक होते. त्यांतील ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचकांच्या विशेष परिचयाची आहे. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्यामुळे मराठी न वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंतही ती पोहोचली. परंतु या प्रसिद्धीबरोबर कथेला एक ठराविक लेबलही चिकटले. ही समांतर विश्वांची कथा, असे म्हणून तिची बोळवण केली जाते. वस्तुतः ती जितकी भौतिकशास्त्राची कथा आहे, तितकीच, किंबहुना अधिक, इतिहासाच्या साधनांची कथा आहे. खानदेशातील वाचकाच्या ही गोष्ट लवकर ध्यानात यावी. पानिपतच्या कागदपत्रांपासून ज्यांनी आपल्या साधनखंडांचा आरंभ केला, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देह धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही त्याच नगरात उभे राहिले.

कथानक थोडक्यात असे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा मुंबईत येऊन पोहोचतात की जेथे ईस्ट इंडिया कंपनी अद्याप नांदते आहे आणि मराठ्यांचे राज्य बुडालेलेच नाही. गोंधळलेले पंत ग्रंथालय गाठतात. तेथे त्यांच्याच नावावरचा पाच खंडांचा इतिहास आहे. पहिले चार खंड त्यांच्या स्मरणाशी जुळतात; पाचव्यात मात्र पानिपतावर मराठ्यांचा जय होतो. कारण शोधता शोधता ते भाऊसाहेबांच्या बखरीपाशी येतात. विश्वासरावास लागलेली गोळी या बखरीत त्यास लागत नाही, निसटती जाते. पुढे आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून पंत व्यासपीठावर चढतात आणि श्रोत्यांच्या रोषास पात्र होतात. आपल्या जगात परत आल्यावर त्यांच्यापाशी उरते ते बखरीचे एक फाटलेले पान.

राजवाड्यांच्या परंपरेतील अभ्यासकास या पानाविषयी प्रथमदर्शनी आक्षेप घ्यावासा वाटेल. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात राजवाड्यांनी १७५० ते १७६१ या काळातील पत्रे छापली आणि विस्तृत प्रस्तावनेत बखरींची कठोर झडती घेतली. ऐकीव वृत्तान्त, मागाहून रचलेले संवाद, कालक्रमाचा घोळ, हे बखरींचे दोष त्यांनी उघड केले. समकालीन अस्सल पत्रापुढे बखरीचे प्रामाण्य टिकत नाही, हा दंडक तेव्हापासून मराठी इतिहाससंशोधनात रूढ झाला. मग एका इतिहासकाराची कथा लिहिताना नारळीकरांनी निर्णायक पुरावा म्हणून बखरच का निवडली? पत्र का नाही? लेखक शास्त्रज्ञ होते, इतिहाससंशोधक नव्हते, असे म्हणून हा प्रश्न मिटविता येईल. पण तसे करणे कथेवर अन्याय करणारे होईल.

थोडा विचार केला असता असे दिसते की, येथे पत्र चाललेच नसते. दोन विश्वे १४ जानेवारी १७६१ च्या एका क्षणी विलग होतात. त्या क्षणापूर्वीचा प्रत्येक कागद दोन्ही विश्वांत अक्षरशः तोच असणार. भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यास रसदेसाठी आणि पैक्यासाठी लिहिलेली तगाद्याची पत्रे दोन्हीकडे सारखीच. १७६० च्या वसंतात परतूरहून निघालेले सैन्य खानदेश सुभ्याच्या जुन्या राजधानीवरून, म्हणजे बऱ्हाणपुरावरून, नर्मदेकडे गेले, तो मार्गही दोन्हीकडे एकच. हे कागद कितीही अस्सल असले तरी आपण कोणत्या जगात उभे आहो, हे ते सांगू शकत नाहीत. ते सांगू शकतो तो शेवट ठाऊक असलेला लेखक, अर्थात बखरकार. युद्धानंतर दक्षिणेकडे निघालेले, मृतांची वार्ता मोती-मोहरांच्या परिभाषेत सांगणारे सावकारी पत्रही हे काम करू शकले असते, हे खरे. परंतु त्या पत्रात परिणाम आहे, कारण नाही. गोळी कोठे गेली, हे सांगण्याचे धैर्य बखरकारच करतो. ज्या गुणामुळे राजवाड्यांना बखर संशयास्पद वाटली, त्याच गुणामुळे ती या कथेत अपरिहार्य ठरते. ही योजना जाणीवपूर्वक केलेली असो वा नसो, ती अचूक आहे.

कथेची दुर्बळ बाजूही याच ठिकाणी सापडते. फाट्यापूर्वीचे कागद जर दोन्ही विश्वांत समान असतील, तर त्या कागदांतील उपासमारही समानच आहे. गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, रसद तुटली, जनावरे मेली, आणि अन्नावाचून मरण्यापेक्षा लढून मरावे या निर्धाराने सैन्य खंदकाबाहेर पडले. विश्वासरावाच्या कानाजवळून गोळी निघून गेल्याने या सैन्याच्या पोटात अन्न पडत नाही. दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती आणि विश्वासराव पडल्यावर रंग पालटला, एवढा आधार लेखकापाशी आहे. तेव्हा त्या दिवसापुरता विजय शक्य कोटीतला मानता येईल. परंतु कथा तेथे थांबत नाही. त्या विजयातून मराठी सत्तेची स्थिरता, युरोपीय विद्येचा स्वीकार, कंपनीची कोंडी आणि अखेर विसाव्या शतकातील लोकशाही अशी मालिका ती भराभर उलगडते. राजवाडे यांनी पराभवाचा दोष गोविंदपंतांवर आणि मल्हारराव होळकरांवर ठेवला, पुढे त्र्यं. शं. शेजवलकर यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात या युद्धाची नव्याने चिकित्सा केली. कोणाचा निर्णय ग्राह्य मानावयाचा हा प्रश्न वेगळा. पण दोघांच्याही विवेचनात सरदारांची परस्परांविषयीची वृत्ती हा विषय आहे, आणि ती वृत्ती एका गोळीच्या दिशेवर अवलंबून नव्हती. पाचव्या खंडातील मराठे एकाएकी इतके शहाणे कसे झाले, याचे उत्तर कथा देत नाही.

येथे एका परकीय कृतीशी तुलना उपयुक्त ठरेल. जपानात ‘दृश्य-कादंबरी’ या नावाने ओळखला जाणारा संगणकीय खेळाचा एक प्रकार आहे. पडद्यावर चित्रे येतात, मजकूर वाचावयाचा असतो, आणि ठिकठिकाणी वाचकाने पर्याय निवडावयाचा असतो. या प्रकारातील ‘यु-नो’ हा हिरोयुकी कान्नो यांनी लिहिलेला खेळ ‘एल्फ’ या कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केला; २०१७ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. मूळ आवृत्ती प्रौढांसाठी होती आणि तिच्यातील काही भाग अभिरुचीच्या दृष्टीने टाकाऊ आहे. तथापि रचना विलक्षण आहे. नायक ताकुया आरिमा याचा पिता इतिहास-संशोधक. तो मृत झाला असे मानले जात असता त्याच्याकडून मुलाला एक यंत्र मिळते. त्या यंत्रामुळे घटनांच्या फांद्यांचा नकाशा पडद्यावर दिसतो. मोजकेच मणी हाती असतात. एखाद्या जागी मणी ठेवला की पुढे त्या जागी परतता येते. एका फांदीवर मिळालेली वस्तू दुसऱ्या फांदीवरील बंद वाट उघडते. काळ मागे फिरविता येतो, पण इतिहास फिरविता येत नाही, अशी या खेळाची भूमिका आहे.

नारळीकरांच्या कथेतही एक वस्तू एका विश्वातून दुसऱ्यात येते. परंतु गंगाधरपंतांपाशी नकाशा नाही, मणी नाही, परतण्याची मुभा नाही. त्यांनी आणलेल्या पानाने कोणतेही दार उघडत नाही. ताकुयाचा पिता संशोधक असला तरी ताकुया स्वतः कर्ता आहे, निवड करणारा आहे. गंगाधरपंत मात्र त्या जगात जाऊनही केवळ वाचकच राहतात. एक समग्र पर्यायी साम्राज्य डोळ्यांपुढे असता ते प्रथम ग्रंथालयाची वाट धरतात! पंतांचे हे वर्तन हास्यास्पद वाटेल, पण कथेतील सर्वांत सत्य असे तेच आहे. ज्याने आयुष्यभर दप्तरे चाळली, त्याला दुसरे काय सुचणार?

कथेच्या अखेरीस येणारे शास्त्रीय स्पष्टीकरण त्या मानाने फिके आहे. राजेंद्र देशपांडे हा मित्र प्रथम आपत्ती-सिद्धांताचा आधार घेतो, नंतर पुंजभौतिकीतील अनिश्चिततेचा. पुंजभौतिकीचा अनेक-विश्वांचा अर्थ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडला होता, आणि नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांनी १९६६ मध्ये विस्कटलेल्या काळावर कादंबरी लिहिली होती. तेव्हा लेखकाची भूमी भक्कम होती. असे असूनही हा संवाद व्याख्यानासारखा वाटतो. राजेंद्र बोलत असतो आणि वाचकाचे लक्ष मात्र टेबलावरील त्या पानाकडे असते. फाटलेले पान ग्रंथालयातल्या बखरीशी ताडून पाहणे, दोन पाठांतील भेद नोंदविणे, ही क्रिया कोणत्याही संशोधकाच्या रोजच्या परिचयाची आहे. आणि तिच्यातच कथेचा खरा थरार आहे. सिद्धांत नंतर येतो, पाठभेद आधी.

आझाद मैदानाचा प्रसंग पुष्कळांना प्रहसनासारखा वाटला आहे. तो तसा आहेही. परंतु नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषविलेल्या माणसाला, अध्यक्षाची प्रथाच नसलेल्या जगात, अंडी आणि टोमॅटो खावे लागावेत, यात मराठी सभाजीवनावर केलेली टीका आजही ताजी आहे. सर्वत्र पुरावा मागणारा हा इतिहासकार रिकाम्या खुर्चीचा अर्थ मात्र पुराव्यावाचून लावतो. परत आल्यावर पानिपतवरील परिसंवादाचे अध्यक्षपद तो नाकारतो आणि संयोजकांना तसे कळवितो.