कळ काढणे

व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावर एक निबंध लिहिला. तिची तक्रार अशी, की प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलीच्या मदतीला शेक्सपिअर आणि कीट्स असतात. पण डोकं दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरांपुढे शब्द सापडत नाहीत. हा निबंध मी मणक्याच्या ऑपरेशनआधी कुशीवर पडून मोबाईलवर वाचला. मनात आलं, बाई, तुम्हाला मराठी यायला हवी होती.

आपल्याकडे कमरेत उसण भरते, लचक भरते, चमक निघते. मांडीतून सणक जाते, पोटरीला रग लागते, टाच ठणकते, पावलाला मुंग्या येतात. शिवाय 'माझा पाय दुखतो' या वाक्यात दुखण्याचं काम पाय करतो, मी नुसती मालकीण. सायटिकात तर पाय निर्दोष असतो. नस दबते मणक्यापाशी, शिक्षा भोगते पोटरी. (एरर एका फाइलमध्ये दिसते आणि बग भलतीकडेच असतो, हे ऑफिसात सगळ्यांना कळतं. आई मात्र पोटरीलाच तेल चोळत राहिली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटायचं.)

म्हणजे शब्दांची टंचाई नाही. ते ऐकून घ्यायला जागा नाही. ओपीडीत प्रश्न येतो, 'शून्य ते दहामध्ये किती?' मी महिनाभर 'सात' म्हणत होते. डोंबिवली ते ठाणे चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून बसल्यावरचं सात आणि रात्री तीन वाजता कूस बदलतानाचं सात, दोन्ही फायलीत एकच. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली छापली, त्यात ७८ शब्द २० गटांत लावले होते. गर्दीच्या ओपीडीत तेवढा वेळ कोणाकडे असतो?

एमआरआयचा रिपोर्ट तर मी वाचलेलं सगळ्यात कोरडं गद्य. त्यात माणूस नाही, क्रियापदंही फारशी नाहीत. २०१५च्या एका आढाव्यात, ज्यांना काहीच दुखत नव्हतं अशा विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या स्कॅनमध्ये झिजलेल्या दिसल्या होत्या. रिपोर्ट गादीबद्दल बोलतो, दुखण्याबद्दल नाही. आपण त्याचं भाषांतर 'मणक्यात गॅप आलाय' असं करतो, तेही उलटंच, कारण गादी झिजली की मणक्यांमधलं अंतर कमी होतं.

आता मराठी पुस्तकांकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' मी दोनदा वाचलं. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर निकामी झालेली कोल्हापूरची मुलगी पुढे अपंगांसाठी संस्था उभी करते. पुस्तक मोठं आहे, प्रामाणिक आहे. पण वाचून झाल्यावर लक्षात राहते ती संस्था. शरीर हळूहळू कामाच्या मागे जातं. पद्मजा फाटकांच्या 'हसरी किडनी'त विनोदाचा आधार आहे, आणि तो मला जास्त जवळचा वाटला. पण नावातच हसू आहे. आपल्या आजारपणाच्या लेखनाला कुठेतरी पोचायचं असतं, जिद्दीपर्यंत किंवा हशापर्यंत. जो कुठेच पोचला नाही, नुसता दुखत राहिला, त्याचं पुस्तक कोण काढणार?

'काढणे' हे क्रियापद मात्र पुस्तकांपेक्षा शहाणं आहे. कळ म्हणजे वेदना, आणि 'जरा कळ काढ' म्हणजे धीर धर. उपचार न करता सोसलं तर दुखणं अंगावर काढलं. घरातली बाई सासूचं दुखणं काढते, म्हणजे तिची शुश्रूषा करते. आणि सर्जन गादीचा निसटलेला तुकडा काढतो. हुरजूकांच्या पुस्तकात मला सर्वात खरी वाटलेली जागा हीच आहे: त्यांना उचलून नेणारे हात. दुखणं एकट्याने निघत नाही हे तिथे कळतं.

धीर धरणं हाही उपचार असतो का, याची तपासणी झालेली आहे. २००७ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांपैकी काहींचं ऑपरेशन लवकर केलं, बाकीच्यांना आधी थांबायला सांगितलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय लवकर शांत झाला. वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच. थांबलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना शेवटी ऑपरेशन लागलंच. मी वाट पाहून मग ऑपरेशन केलं. सणक दुसऱ्या दिवशी गेली. पावलाची बाहेरची कड दहा महिन्यांनंतरही बधिर आहे, आणि पाऊस लागला की रग येते.

सोसायटीत विचारतात, 'आता बरी ना?' या प्रश्नाला उत्तर एकच चालतं. काठी नाही, खुर्ची नाही, दिसायला मी धडधाकट. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढायला माझ्याकडे कागद नाही आणि जनरल डब्यात जागा मागायला तोंड नाही. 'थोडी बरी, थोडी नाही' हे वाक्य बोलायला तीन सेकंद लागतात, पण समोरचा दुसऱ्या सेकंदाला लिफ्टचं बटण दाबतो.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. माझ्या मुंग्या अजून पावलातच आहेत.