लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर

परक्या शहरातील पहिले दिवस हा मराठी प्रवासवर्णनाचा आवडता विषय आहे. रोम, लूर्द वा पवित्र भूमीची यात्रा करून परतलेले आपले बंधुभगिनी हौसेने लिहितात आणि आपण ते कौतुकाने वाचतो. स्वच्छ रस्ते, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या, रांगेत शांतपणे उभी असलेली माणसे यांची वर्णने त्यांत हमखास येतात. ती खोटी नसतात. मात्र एका शहराच्या जागी दुसऱ्याचे नाव घातले तरी फारसे बिघडत नाही. असे का व्हावे, याचा विचार करताना आम्हांला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका मराठी ग्रंथाकडे वळावेसे वाटते.

पंडिता रमाबाईंचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई मार्च १८८६ मध्ये इंग्लंडहून फिलाडेल्फियास पोहोचल्या आणि पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहिल्या. परदेशी प्रवाशांनी हिंदुस्थानावर ग्रंथ लिहावेत, असा तो काळ. येथे मात्र एक हिंदी विधवा अमेरिकेची पाहणी करते आहे, आणि तीही मराठीत, आपल्या माणसांसाठी!

ग्रंथाचे नावच त्याची दृष्टी सांगते. त्यात लोकस्थिती आधी येते, प्रवासवृत्त नंतर. सागरप्रवासाचे वर्णन झाल्यावर लेखिका राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, धर्मसंस्था, उद्योगधंदे आणि स्त्रियांची स्थिती यांकडे वळते. स्त्रियांसाठी उघडलेली महाविद्यालये तिला भारावून टाकतात. पण ते दरवाजे आपोआप उघडले नाहीत, त्यासाठी तेथील स्त्रियांना विरोध सोसावा लागला, संघटना उभाराव्या लागल्या, हेही ती सांगते. नजरेला पडलेल्या गोष्टीमागचे कष्ट शोधणे, हा या लेखनाचा खरा गुण होय.

दुसरा गुण निर्भीडपणाचा. स्वातंत्र्याची थोरवी गाणाऱ्या देशात कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक रमाबाई झाकून ठेवत नाहीत. बायकांच्या टोप्या सजविण्यासाठी पक्ष्यांची हत्या होते, याचाही त्या निषेध करतात. यजमानांविषयी कृतज्ञता आहे, म्हणून दोषांकडे डोळेझाक करावी, असे त्यांना वाटत नाही.

ग्रंथात उणिवाही आहेत. माहितीचा भार पुष्कळदा इतका वाढतो की शहराचा चेहरा हरवतो. लेखिकेचा वावर मुख्यतः सुधारक आणि सुशिक्षित मंडळींत असल्याने अमेरिकेचे दर्शनही बहुतांशी त्यांच्याच दिवाणखान्यातून घडते. सकाळी रस्ता झाडणारा, गिरणीत राबणारी, नुकताच बोटीतून उतरलेला गरीब स्थलांतरित यांचा स्वतःचा आवाज येथे फारसा ऐकू येत नाही. पाहुण्याला घराची पुढली बाजू दिसते. तिची मर्यादा रमाबाईंनाही पुरती ओलांडता आलेली नाही.

तरीही हा ग्रंथ आजच्या लेखकाला पुष्कळ शिकवितो. आपल्या घराघरांतील मुले-मुली आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात नोकरीसाठी गेली आहेत. आठ दिवसांच्या यात्रेकरूला जे दिसत नाही, ते त्यांना रोज दिसते: खोलीचे भाडे, परक्या भाषेतील पहिली ओशाळवाणी वाक्ये, रविवारच्या मिस्सेनंतर भेटलेली अनोळखी माणसे. आपल्या साहित्यात हे अनुभव अजून पुरेसे उतरलेले नाहीत. स्वच्छ रस्त्याचे कौतुक जरूर व्हावे. पण तो पहाटे कोण झाडतो आणि त्याला काय मिळते, एवढे विचारूनच लेखकाने पुढचे वाक्य लिहावे, अशी आमची अपेक्षा आहे.