रंगविरोधाचे माप आणि देवनागरी अनुस्वार

मजकूर व त्यामागील पृष्ठ यांच्या सापेक्ष तेजस्वितेचे गुणोत्तर निदान ४.५ : १ असावे, असा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा २००८ मधील निकष आहे, मोठ्या अक्षरांस ३ : १ पुरते. ‘मोठे’ म्हणजे केवढे, हे ठरविताना चिनी, जपानी व कोरियन लिप्यांचा निर्देश आढळतो, देवनागरीचा नाही. शिवाय हे गुणोत्तर रंग मोजते, चिन्हाचा आकार नव्हे. सातारा व सांगली ही दोन जिल्हानामे फिकट करड्या रंगात बारीक छापल्यास ‘सातारा’ शाबूत राहतो. ‘सांगली’वरील अनुस्वार प्रथम लोपतो. तेथे संदर्भ वाचकाच्या साहाय्यास येतो. परंतु ‘गावात’ व ‘गावांत’ यांतील वचनभेद त्या एका बिंदूवरच अवलंबून आहे. सबब, निकष पाळला म्हणजे वाचनीयता साधली, हे मत ग्राह्य नाही. देवनागरीची कसोटी सर्वांत लहान अर्थभेदक चिन्हावरच घेतली पाहिजे.