खरा गेम बॉय कुणाकडे आहे?

चिपट्यून ऐकून ज्याला स्वतः काहीतरी करून बघावंसं वाटतं, त्याचे प्रश्न दोनच असतात: घेऊ काय आणि विचारू कुणाला? पहिल्याचं उत्तर गेली अनेक वर्षं जवळपास ठरलेलं आहे. १९८९चा करडा गेम बॉय शोधा. गाणं साठवता येईल असं फ्लॅश कार्ट्रिज घ्या. त्यावर एलएसडीजे टाका. जमलं तर स्क्रीनमागे दिवा बसवा आणि ‘प्रोसाउंड’ करून घ्या, म्हणजे आतल्या ॲम्प्लिफायरच्या आधीच तारा सोल्डर करून आवाज बाहेर काढा. यादी चुकीची नाही. पण ती आधी हातात पडली की दुसरा प्रश्न मागे पडतो. माझं म्हणणं असं, की दुसऱ्याचं उत्तर आधी शोधलं तर पहिल्याचा अर्धा खर्च वाचतो.

आधी हे वाद्य काय आहे ते बघू. गेम बॉयमध्ये आवाजाचे चार चॅनेल असतात. दोन चौकोनी लाटांचे, एक ३२ ठिपक्यांनी आपण आखलेल्या छोट्या लाटेचा आणि एक खरखरीचा. बस. एका चॅनेलवर एका वेळी एकच सूर वाजतो. तीन सुरांची कॉर्ड हवी असेल तर ते सूर एकामागोमाग इतक्या वेगाने फिरवायचे की कानाला एकत्र वाटावेत. १९८२च्या कमोडोर ६४मध्ये तर तीनच आवाज होते आणि रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे यांच्यासारख्यांनी त्यातच अख्ख्या गेमचं संगीत बसवलं. चिपट्यूनची ओळख बनलेली ती थरथर जागेच्या टंचाईतून आली आहे, मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये पलंगाखाली संसार मावावा तशी.

या टंचाईला हाताळायचं साधन म्हणजे ट्रॅकर. १९९८मध्ये ओलिव्हर विट्शोने गेम बॉयसाठी नॅनोलूप बनवलं, त्यानंतर थोड्याच काळात स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीने एलएसडीजे. एलएसडीजेमधली फ्रेज १६ ओळींची असते आणि ती वरून खाली वाजत जाते. प्रत्येक ओळीत सूर, वाद्याचा क्रमांक आणि एखादी आज्ञा. ‘सी३७’ लिहिलं की त्या सुराची मायनर कॉर्ड फिरू लागते. पंधराव्या ओळीवर ‘एच’ लिहिलं की फ्रेज तिथेच तुटते, आणि उरलेल्या १४ ओळींत सात मात्रांचा रूपक दोन-दोन ओळींना एक मात्रा धरून नीट बसतो. हे सगळं डोळ्यांसमोर लिहिलेलं असतं. गाणं वाजतं तसंच ते वाचताही येतं. माझ्यासारख्या दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचणाऱ्याला यातली मजा वेगळी सांगावी लागत नाही.

हे ऐकायचं तर फोनवरही मिळणारा ‘सुपर हेक्सॅगॉन’ हा २०१२चा गेम घ्या. त्यात उत्तर आयर्लंडच्या चिपझेलची गाणी आहेत. हेडफोन लावून एकच गोष्ट मोजा: या क्षणी किती आवाज एकत्र वाजतायत? आकडा लहानच राहतो, तरी दम लागतो. एका आवाजाने उसंत घेतली की दुसरा त्याच फटीत शिरतो. लॅपटॉपवर पन्नास ट्रॅक उघडून बसणाऱ्याला हा हिशेब करावाच लागत नाही, म्हणून तो शिकायलाही मिळत नाही.

आता वादाकडे येऊ. या वर्तुळात ‘फेकबिट’ असा एक शब्द आहे. खऱ्या चिपऐवजी सॉफ्टवेअरमधले चौकोनी आवाज घेऊन केलेल्या संगीताला तो चिकटवला जातो, कधी नुसतं वर्णन म्हणून, बऱ्याचदा नाक मुरडून. नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. आवाज जुना पण बंधन एकही नाही, असं संगीत लवकर पोकळ वाटतं, कारण त्यात कशालाच जागा करून द्यावी लागलेली नसते. शिवाय स्टेजवर दोन गेम बॉय आणि मिक्सर घेऊन उभं राहण्यात जोखीम असते, आणि ती ऐकणाऱ्यालाही जाणवते.

पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बंधन नियमात असतं, प्लॅस्टिकच्या डब्यात नाही. फर्नेस हा फुकट, मुक्त स्रोत ट्रॅकर लॅपटॉपवर उघडून गेम बॉयची चिप निवडली, की तिथेही चारच चॅनेल मिळतात. पाचवा मागून मिळत नाही. एलएसडीजेची फाइलही एम्युलेटरवर चालते. उलट अस्सल गेम बॉयवर आळशी गाणं करायलाही कुणाची हरकत नाही.

आणि अस्सल म्हणजे तरी काय? कमोडोर ६४च्या पहिल्या पिढीच्या सिड चिपमधला फिल्टर प्रत्येक नगात थोडा वेगळा वाजायचा. एकच गाणं दोन घरांत दोन प्रकारे ऐकू यायचं आणि दोन्ही यंत्रं खरीच होती.

आपल्याकडची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. नव्वदच्या दशकात इथे बहुतेकांच्या घरी टीव्हीला जोडायचा जो व्हिडिओ गेम आला, तो निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल होता. अशा अनेक नकलांमधल्या चिपमध्ये एक गडबड होती: चौकोनी लाटेच्या २५ आणि ५० टक्के या दोन रुंदींची अदलाबदल झालेली. त्यामुळे जिथे पोकळ, गोलसर आवाज हवा तिथे बारीक यायचा, आणि बारीकच्या जागी पोकळ. ते मारिओ आणि काँट्रा जपानी मुलांनी ऐकलेले नव्हेत. आज मेसेन, एफसीईयूएक्स या एम्युलेटरांमध्ये हा घोळ मुद्दाम चालू करायचा पर्याय आहे, कारण कित्येकांच्या कानाला तोच आवाज मूळ वाटतो. ज्यांच्या बालपणीचा मूळ आवाजच नकलेतून आला, त्यांच्याकडे अस्सलपणाचा दाखला मागणं जरा विनोदी आहे. इथल्या कुणी ती अदलाबदल जाणूनबुजून वापरून गाणं केलं, तर ते मला महागड्या करड्या डब्यापेक्षा जास्त खरं वाटेल.

या वर्तुळातल्या मोठ्या नावांनीही शुद्धतेचं सोवळं कधीच फार पाळलेलं नाही. न्यूयॉर्कचा अनामानागुची हा बँड जुन्या चिपसोबत गिटार आणि ड्रम वाजवतो. ट्रिस्टन पेरिचने २०१०मध्ये ‘वन-बिट सिम्फनी’ काढली: सीडीच्या डबीत सीडीऐवजी एक मायक्रोचिप, बॅटरी आणि हेडफोनचं भोक. चिप तिथल्या तिथे संगीत वाजवते. त्यात जुनं गेमिंग यंत्र औषधालाही नाही, बंधन मात्र काटेकोर.

मग माणसं कुठे सापडतात? माझं उत्तर आहे, फाइलमध्ये. १९८७मध्ये कार्स्टन ओबार्स्कीच्या अल्टिमेट साउंडट्रॅकरने अमिगावर ट्रॅकरची पद्धत रुजवली. तिथून आलेल्या मॉड फाइलमध्ये सूर, आवाजांचे नमुने आणि आज्ञा सगळंच उघडं असतं. पुढच्या प्रोट्रॅकरच्या मॉडमध्ये ३१ नमुने आणि प्रत्येकाच्या नावाला २२ अक्षरांची जागा होती. लोकांनी नावं सोडून तिथे निरोप लिहायला सुरुवात केली: मित्रांना नमस्कार, स्वतःची ओळख, टोमणे. गाणं उघडलं की आत माणसं बसलेली. ज्या डेमोसीनमध्ये हे घडलं, तिला फिनलंडने २०२०मध्ये आपल्या जिवंत वारशाच्या यादीत घेतलं. त्या देशाने वारसा मानला तो जमून करण्याच्या आणि एकमेकांना दाखवण्याच्या सवयीला.

आज नवख्यासमोर बहुधा व्हिडिओ येतो: चमकणारा गेम बॉय, रंगीत बटणं, मागे निऑन दिवे. त्यात यंत्र दिसतं, ओळी दिसत नाहीत. ते बघून खरेदी करावीशी वाटते. ओळी बघितल्या तर विचारावंसं वाटतं, की इथे हा बेस मधेच का तुटला, या खरखरीचा ढोल कसा झाला? अशा नेमक्या प्रश्नाला अनोळखी माणूसही रात्री बारा वाजता उत्तर देतो. ‘कुठला गेम बॉय घेऊ?’ या प्रश्नाला फक्त किंमत कळते.

म्हणून क्रम उलटा करावा. फर्नेससोबत इतरांच्या गाण्यांचं एक फोल्डर येतं. त्यातलं एक उघडा, तीन चॅनेल बंद करा आणि चौथा एकटा ऐका. मग त्याच्या सोळा ओळी बदला. जे तयार होईल ते ध्वनी म्हणून पाठवण्याआधी मूळ फाइल पाठवा, म्हणजे पुढच्याला त्यात बोट घालता येईल. महिन्याभराने हातात धरायचं यंत्र हवंसं वाटलं तर खुशाल घ्या. तोवर ते कशासाठी हवंय हे तुम्हाला माहीत असेल, आणि त्यावरचं पहिलं गाणं कुणाला ऐकवायचं हेही.